एटना, नग एक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. शाळेच्या माळ्यावर मोडकी बाकं जमतात ना, तसे ते जमतात. प्रत्येक जण जाता जाता एक टाकून जातो आणि मग एके दिवशी वर बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. मी पेडण्याकडच्या एका हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. तिथल्या स्टाफरूमचे किस्से मी लग्नात, बाराव्याला, बसच्या रांगेत, कुठेही सांगतो. लोक पोट धरून हसतात. मी मात्र सांगता सांगता चिडतो. बायको म्हणते, ‘‘एवढा संताप येतो तर सांगता कशाला?’’

सांगतो, कारण संताप अजून संपलेला नाही!

*

आधी डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते सांगतो. खडू, शाई, कागद या संपणाऱ्या वस्तू. बाकं, नकाशे, घंटा, प्रयोगशाळेतला सांगाडा या न संपणाऱ्या. त्यांची वही म्हणजे डेड स्टॉक. या वहीचा नियम असा की, एकदा वस्तू तिच्यात शिरली की पणजीहून खात्याचे तपासनीस येऊन लाल रेघ मारीपर्यंत ती बाहेर पडायची नाही. मोडली, कुजली, वाळवीने खाल्ली तरी नाही!

आमच्या हेडसरांचा जीव या वहीत. धारगळच्या हमरस्त्यावरून ट्रक गेला की शाळेच्या खिडक्या थडथडायच्या आणि सर पहिला हात ठेवायचे तो वहीवर.

एकदा घंटेचा लाकडी हातोडा मोडला. नवा आणायचा तर जुन्यावर लाल रेघ हवी. तपासनीस आले नव्हते. मग आमच्या बाबलने, म्हणजे शिपायाने, ओहोळातला एक गुळगुळीत दगड आणला आणि तो त्या दगडाने घंटा द्यायला लागला. हा बाबल सावंतवाडीकडचा, पन्नाशी उलटलेला, शांत माणूस. सरांनी दगड बघितला आणि तो वहीत चढवला. ‘बेल हॅमर, स्टोन, वन.’

सहा महिन्यांनी दगड फुटला. दोन तुकडे झाले. सरांनी बाबलला समोर उभा केला. ‘‘वहीत एक आहे. हा दुसरा कुठून आला?’’

बाबलने दोन्ही तुकडे शांतपणे टेबलावर ठेवले. ‘‘पयल्याक इचारा सर, तेका ठावक असतला.’’

*

वही इंग्रजीत. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते दिवस भाषेचे होते. राजभाषा मराठी की कोकणी, यावरून सगळा गोवा पेटला होता. आमच्या स्टाफरूममध्ये दोन टेबलं होती ती आपोआप दोन भाषांची झाली. मी मराठीच्या टेबलावर. मोठमोठ्याने बोलणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. कालपर्यंत एका डब्यातली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाटून खाणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवायला लागली.

पी.टी.चे पाटीलसर गडहिंग्लजकडचे. त्यांना यातलं काही कळेना. एक दिवस दोन टेबलांच्या मधोमध कप घेऊन उभे राहिले. ‘‘अहो, मला तेवढं सांगा, चहा कुठल्या भाषेत मिळतोय?’’

कोणी हसलं नाही. इतके आम्ही गंभीर होतो!

शाळेची सूचना कुठल्या भाषेत लावायची यावर तर रोज भांडण. शेवटी हेडसर म्हणाले, ‘‘भांडण नको, इंग्रजीत लावू.’’ आणि दोन्ही टेबलं गप्प! दोघांचं मिळून एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत. आजही आठवलं की मला आमची सगळ्यांची शरम वाटते, आणि मग राग येतो.

*

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी शाळेने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ‘आमचा जुना संसार’. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतून घरगुती जुन्या वस्तू आणायच्या, आठवडाभर मांडायच्या, परत करायच्या. मी माझ्या गावी, कोरगावला गेलो आणि सरळ सुभद्राकाकीच्या दारात उभा राहिलो.

सुभद्राकाकी म्हणजे आमच्या वाड्यावरची सुईण. वाड्यावरचं चाळिशीच्या आतलं जे जे माणूस चालतंबोलतं होतं ते तिच्या हातून आलेलं. मीसुद्धा. तिच्याकडे एक वस्तू होती. तळहातावर मावेल एवढी पितळी बशी आणि तिच्या मधोमध जोडलेला निमुळता पेला. बशीत काजूची कडक फेणी ओतायची, काडी लावायची, निळसर जाळ पेल्याभोवती फिरायचा आणि पेल्यातलं खोबरेल पाच मिनिटांत कोमट. ना धूर, ना राख. काकीच्या सासूला ती कोणा बोटीवरच्या माणसाने दिली होती, त्याचं पोर सुखरूप झालं म्हणून. तेव्हापासून प्रत्येक बाळाच्या टाळूला पहिलं तेल तिच्यातलं. आम्ही सगळे तिला शेगडी म्हणायचो. एवढीशी होती, पण शेगडी.

काकीने ती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली, पण हात सोडला नाही.

‘‘दत्ता, नात पयल्या बाळंतपणाक इली हा. पण बाळंतपण आता म्हापशाचो डागतर करतलो. न्हाणूक नर्स. माका इतक्याच उरला हा, पोराच्या टाळवेर कोमट तेल. शिमग्याआधी माका माजी शेगडी परत होयी.’’

‘‘काकी, पंधरा दिवसांत आणून देतो. शब्द देतो.’’

‘‘शब्द नको. शेगडी दी.’’

मी हसलो. पावती लिहून दिली, ‘पितळी शेगडी, एक’, आणि खाली शाळेचा शिक्का. शिक्का बघून काकीला बरं वाटलं. मलाही वाटलं. दोघेही मूर्ख!

*

वस्तू गोळा झाल्या आणि हेडसरांना घाम फुटला. इतक्या वस्तू शाळेत आणि वहीत एकही नाही? आपल्या छपराखाली आहे ते आपल्या वहीत हवं, हा त्यांचा धर्म. सांगून बघितलं, ‘‘सर, या लोकांच्या आहेत, परत द्यायच्या आहेत.’’ सर म्हणाले, ‘‘परत द्यायच्या तर आधी आपल्याकडे असायला नकोत का?’’

वहीत घालायच्या तर इंग्रजी नाव हवं. हे काम इंग्रजीच्या गावकरसरांकडे गेलं. गावकरसर डिचोलीतल्या पाळीचे. माणूस विद्वान, पण कोणाला काही न विचारता विद्वान. नारळ खवायची, भाजी चिरायची आडोळी आली, तिचं त्यांनी केलं ‘व्हेजिटेबल कटर, सिटिंग टाइप’. रगडा आला, त्याचं ‘वेट ग्राइंडर, स्टोन, नॉन-इलेक्ट्रिक’. ताक घुसळायची रवी आली, तिला नाव सापडेना म्हणून ‘स्पून, रोटेटिंग’!

बाबल बाजूला उभा राहून ऐकत होता. हळूच मला म्हणाला, ‘‘सर, तुमका आनी माका हेनी बघूक नाय, नायतर आमकाय लिवन ठेवतले.’’

*

काकीच्या शेगडीपाशी गावकरसर अडले. ‘स्टोव्ह’ लिहून भागत नव्हतं. प्रत्येक वस्तूला एक नेमका शब्द असतो आणि तो इंग्रजीत असतो, असं त्यांचं मत. त्यांच्या पाळीच्या घरी वडिलांचा एक जाडजूड इंग्रजी कोश होता. तो आणायला ते शनिवारी गेले आणि सोमवारी भाषेच्या आंदोलनात बस बंद.

दुसरा कोणी घरी बसला असता. गावकरसर खाणीच्या ट्रकमधून आले! सिंधुदुर्गातला कोणी ड्रायव्हर रिकामा ट्रक दुरुस्तीला गावाकडे घेऊन निघाला होता. त्याच्या शेजारी मांडीवर कोश घेऊन सर पाळीपासून धारगळपर्यंत आले. उतरले तेव्हा चष्म्याच्या काचा सोडून सगळे लाल. केस लाल, सदरा लाल, कोशाच्या कडा लाल. त्याच हातांनी पानं उलटत गेले आणि दर पानावर खाणीच्या मातीचा अंगठा उठत गेला.

दुपारी ते ओरडले, ‘‘सापडला!’’

शब्द होता ‘एटना’. अर्थ दिला होता, बशीत स्पिरिट जाळून पेल्यातलं थोडंसं काही गरम करायची लहान जुनी शेगडी. म्हणजे काकीचीच! इटलीकडे कुठे तरी या नावाचा ज्वालामुखी आहे, त्यावरून पडलेलं नाव. सरांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना भजी दिली. दोन्ही टेबलांना!

मी कोश जवळ ओढून बघितला. शब्दाशेजारी एक बारीक खूण होती. ती कशाची, हे कोशाच्या पहिल्या पानावर शोधलं. खुणेचा अर्थ, ‘हा शब्द आता वापरात नाही.’

‘‘गावकरसर, हा शब्द खुद्द इंग्रजांनी टाकलाय.’’

‘‘म्हणून तर दुर्मीळ!’’ सर भजी चावत म्हणाले.

ज्यांचा शब्द त्यांनी टाकला आणि आम्ही तो उचलून कोरगावच्या सुईणीच्या शेगडीवर चिकटवला. हेडसरांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली, ‘एटना, वन’.

*

प्रदर्शनात प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी ठेवायची होती. इंग्रजी नाव वर, खाली मराठी आणि कोकणी. मग मराठी आधी की कोकणी आधी? झालं! दोन दिवस भांडण. मी स्वतः टेबलावर मूठ आपटली. शेवटी दोन्ही रद्द. चिठ्ठीवर नुसतं इंग्रजी राहिलं.

काकी प्रदर्शन बघायला आली, नातीला घेऊन. नातीला सातवा लागलेला. सगळ्या वस्तू बघत बघत दोघी एटनापाशी आल्या. काकीला वाचता येत नव्हतं, पण शेगडी ओळखता येत होती. तिने हात पुढे केला. बशीवर बोटाचा डाग होता तो पदराने पुसणार, एवढंच.

‘‘हात लावू नये!’’ हेडसर ओरडले.

अख्खी रांग थांबली. काकीने हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. ‘‘माज्याच वस्तूक मी हात लावचो नाय?’’

‘‘प्रदर्शन चालू असेपर्यंत नाही. नियम सर्वांना सारखा.’’

नातीने हळू आवाजात विचारलं, ‘‘आजये, चिठयेर काय लिवला हा?’’

काकीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मराठीचा शिक्षक मी, आणि त्या चिठ्ठीवर मराठीचा एक शब्द नाही, यात माझी मूठही होती. चार लोकांत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

प्रदर्शन संपलं. वस्तू परत न्यायच्या तर रीतसर अर्ज आणि त्यात वहीतलंच नाव. मी दोन दिवस बसून सगळ्यांचे अर्ज लिहिले. ‘माझा व्हेजिटेबल कटर, सिटिंग टाइप, मला परत मिळावा ही विनंती.’ खाली धारगळच्या म्हातारीचा अंगठा. हेडसरांनी तपासनिसांना पत्र लिहून या वस्तूंपुरती परवानगी आणवली आणि एकेक वस्तू घरी गेली.

एटना सोडून!

मी काकीचा अर्ज नेऊन ठेवला. जोडीला शाळेच्या शिक्क्याची पावती. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

‘‘पावतीत शेगडी आहे.’’

‘‘हो सर. मीच लिहिली.’’

‘‘आणि अर्जात एटना. शेगडी आणि एटना एकच कशावरून?’’

‘‘सर, तुमच्या डोळ्यांसमोर आहे!’’

‘‘डोळ्यांचं वहीत चालत नाही. बाईंची शेगडी होती. वहीत शेगडी नाही. म्हणजे शेगडी आपल्याकडे आलेलीच नाही. वहीत एटना आहे, ती बाईंची असल्याचा पुरावा नाही.’’

मला वाटलं सर थट्टा करताहेत. सर थट्टा कधीच करत नसत. खरी गोष्ट मला कपाटाकडे बघितल्यावर कळली. त्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ढाली-चषक बाजूला सारून मधोमध शेगडी ठेवली होती, खाली मखमलीचा तुकडा. आल्यागेल्याला सर सांगत, ‘‘तालुक्यात एटना असलेली आमची एकमेव शाळा.’’ शेगडी होती तोवर तिला कोणी विचारत नव्हतं. इंग्रजी नाव मिळालं आणि ती कोणाला सोडवेना. मी चिडून बोललो, आवाज चढवला, दार आपटलं. सरांनी दाराची कडी ढिली झाल्याची नोंद केली!

पाटीलसरांना हे कळलं तेव्हा ते बाह्या सरसावून उठले. ‘‘एक शब्द टाका गुरुजी, काच फोडून आणतो. पी.टी.चा तास चालू होता, बॉल लागला म्हणू.’’

मी नको म्हटलं. काच डेड स्टॉकमध्ये होती. ती फुटली असती तर पाटीलसर निवृत्त होईपर्यंत सुटले नसते.

*

माघात काकी शाळेत यायला लागली. कोरगावहून बसने यायची, हेडसरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची, मधल्या सुट्टीनंतर जायची. भांडायची नाही. दारातून कपाट दिसायचं, ते बघायची.

एकदा सर बाहेर आले. ‘‘बाई, तुम्हाला सांगितलं ना, वस्तूचं नाव जुळत नाही.’’

‘‘नांव खंयचाय घाल रे पुता. तुजा नांव तू ठेव, माजी शेगडी माका दी.’’

सरांना शाळेत कोणी पुता म्हणत नसे. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. काकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, ‘‘काकी, मी बाजारातून दुसरी...’’

‘‘दुसरी?’’ एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, ‘‘दत्ता, तू पायाळू इल्लंस. रातभर तुज्या आवशीबरोबर मीय कण्हत होतंय. तेवा तुका दुसरो आणूया असा म्हटलंय?’’

 

*

शेवटी एकदाचं पणजीहून पत्र आलं. तपासनीस येणार. पत्रात नवी अट होती. वस्तू नुसती दाखवायची नाही, ती ज्या कामासाठी आहे ते काम करताना दाखवायची. न चालणारी वस्तू निकामी ठरवून शाळेतून हलवणार.

हेडसर हादरले. घंटा वाजते, नकाशा उलगडतो, सांगाडासुद्धा उभा राहतो. एटना कशी चालते? गावकरसर म्हणाले, ‘‘सोपं आहे, मी कोशात वाचलंय.’’ त्यांनी बशीत रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

काळ्या धुराचा लोट छताला भिडला. गावकरसर वाकून बघत होते, त्यांची डावी मिशी गेली. बाबलने ओलं गोणपाट टाकून आग विझवली. शेगडी काजळीने काळीठिक्कर पडली. मला रडू येईल असं वाटलं. गावकरसर अर्ध्या मिशीतून खोकत म्हणाले, ‘‘कोशात स्पिरिट म्हटलंय, कुठलं ते दिलेलं नाही.’’

तेव्हा मी हेडसरांना म्हटलं, ‘‘सर, ही चालवता येणारं एकच माणूस आहे.’’

 सरांनी काकीला पत्र लिहिलं. इंग्रजीत! ‘एटना चालवून दाखवण्यासाठी उपस्थित राहावे.’ बाबल ते घेऊन कोरगावला गेला. काय सांगितलंस म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘पत्र दिलंय. आनी सांगलंय, काकी, पिशवी घेवन ये.’’

*

तपासणीच्या दिवशी काकी आली ती नव्या लुगड्यात. हातात दोन बाटल्या आणि एक रिकामी कापडी पिशवी. मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘नात सुटली. चेडू झाला. आज सांजे घराक येतली.’’ मुलगी झाली होती, म्हणजे तेल आजच हवं होतं. 

तपासनीस साठीला टेकलेले, लहान चणीचे, कपाळापासून मानेपर्यंत चकचकीत टक्कल. दिवसभर आमची वही तपासून त्यांचा चेहरा आंबला होता. हॅमरच्या दगडाशी त्यांनी दहा मिनिटं घालवली होती, काकीच्या अर्ज-पावतीशी पाच. हेडसरांनी कपाट उघडलं, शेगडी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘सर, ही आमची एटना.’’

काकीने शेगडी उचलून नाकाशी धरली. ‘‘देवा म्हाराजा! रॉकेल घातलास हेच्यात?’’  गावकरसरांनी अर्ध्या मिशीवर हात ठेवला. काकीने चिंच आणि राख मागितली. तपासनिसांसमोर खाली बसून तिने ती शेगडी घासली. पाच मिनिटं खोलीत फक्त घासण्याचा आवाज. पितळ पुन्हा पिवळंधमक झालं. मग तिने पहिली बाटली उघडली आणि खोलीभर काजूचा वास पसरला.

‘‘फेणी!’’ हेडसर उभे राहिले. ‘‘शाळेत दारू? बाई, हे चालणार नाही!’’

काकीने बाटली त्यांच्यापुढे धरली नाही, काडीपेटी धरली. ‘‘मगे पेटव तुज्या इंग्लिशीन!’’

तपासनिसांनी हाताने खूण करून सरांना बसवलं.

काकीने काडी लावली. निळा जाळ पेल्याभोवती उभा राहिला. तिने दुसऱ्या बाटलीतलं खोबरेल पेल्यात ओतलं, बोट बुडवून बघितलं, पुन्हा बघितलं, फुंकर घातली. जाळ विझला. बशी निवेपर्यंत तिने ती पदराने धरून ठेवली.

‘‘तापला.’’

तपासनीस वहीवर वाकले. ‘‘पेटली, ते बघितलं. पण वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम झालेलं दिसायला हवं. काय काम?’’

‘‘टाळवेर तेल घालूचा.’’

‘‘मग घाला.’’

काकीने खोलीभर नजर फिरवली. हेडसरांचे दाट केस, गावकरसरांचे, माझे. मग तिची नजर समोर येऊन थांबली.

‘‘सायबा, जरा मान खाली कर.’’

 हेडसरांच्या तोंडून ‘‘बाई!’’ एवढंच निघालं. आणि तपासनिसांनी, देवाशपथ सांगतो, चष्मा काढून वहीवर ठेवला आणि मान खाली केली.

काकीने तळहातावर तेल घेतलं, बरोबर मध्यावर ठेवलं आणि जिरवायला लागली. हळूहळू, गोल गोल, जसं वाड्यावरच्या प्रत्येकाला तिने जिरवलं होतं तसं. तोंडाने काही पुटपुटत होती. तपासनिसांचे डोळे मिटले. हमरस्त्यावरून ट्रक गेला, खिडक्या थडथडल्या, पण वहीवर कोणी हात ठेवला नाही. पाटीलसर दारात उभे होते. एवढा गडी, पण टोपी काढून हातात धरून उभा.

बऱ्याच वेळाने काकी थांबली. ‘‘झाला,’’ म्हणाली. शेगडी पुसली, उरलेलं तेल बाटलीत ओतलं, सगळं पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरून बसच्या दिशेने चालायला लागली. तिला घाई होती.

तपासनिसांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं, ‘एटना, नग एक. चालू स्थितीत प्रत्यक्ष पाहिली.’ खाली सही, तारीख. मराठीत!

तोवर हेडसरांना कंठ फुटला. ‘‘सर! सर, ती बाई घेऊन चालली!’’

‘‘काय घेऊन चालल्या?’’

सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. काकी फाटकापाशी पोचली होती. बाबल तिच्यासाठी फाटक उघडून धरत होता.

तपासनीस उठून खिडकीशी गेले. टकलावर ऊन चमकत होतं. त्यांनी बघितलं, परत येऊन बसले आणि वही पहिल्या पानापासून उलटायला लागले. एकेक पान, एकेक ओळ, बोट फिरवत. शेवटचं पान झालं, तेव्हा त्यांनी वही मिटून हेडसरांपुढे सरकवली.

‘‘बाई शेगडी घेऊन चालल्या आहेत. तुमच्या वहीत शेगडी नाही.’’